नेट गेलं तरी मोटर बंद झाली पाहिजे : संगमेश्वर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

मोटर जळली तेव्हा घरात कोणी नव्हतं. मे महिना, आई-बाबा डोळे तपासायला चिपळूणला गेलेले. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, "साडेनऊच्या सुमारास मोटरचा आवाज बदलला. मला वाटलं बाबा घरात आहेत, करतील बंद." दुपारी दोघं परतले तेव्हा टाकीखाली चिखल, विहिरीत फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची जाळीची झडप) उघडा पडलेला आणि मोनोब्लॉक मोटरला हात लावला तर चटका. रिवाइंडिंगला अडीच हजार गेले. दोष माझाच. त्या मोटरला १६ अँपिअरचा वायफायवाला स्मार्ट प्लग मीच लावून दिला होता, पुण्याहून येऊन, मोठ्या कौतुकानं.

झालं होतं असं. प्लगला वेळ लावली होती, साडेसहाला सुरू आणि सातला बंद. ती वेळ प्लगमध्ये साठवलेली नव्हती, कंपनीच्या सर्व्हरवर होती. आदल्या रात्री वळीव पडून गेला होता आणि नेट सारखं येत-जात होतं. साडेसहाला नेट होतं, 'सुरू' पोचलं. सातला नव्हतं, 'बंद' वाटेतच राहिलं. मोटर तीन तास चालली, टाकी भरून वाहिली, विहीर उपसली गेली आणि मग ती कोरडीच फिरत राहिली. माझ्या फोनवर अ‍ॅप सांगत होतं की डिव्हाइस ऑफलाइन आहे. मला वाटलं लाईट गेली असेल. ऑफलाइन म्हणजे बंद असं मी गृहीत धरलं, आणि तिथेच फसले.

प्लगवर एक छोटं बटण होतं म्हणा. पण ते दाबायला माणूस घरात हवा, आणि माणूस घरात असता तर प्लग कशाला लावला असता?

या प्रसंगानंतर क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, चालणाऱ्या उपकरणांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. नेट जाणं हा त्यातला छोटा धोका. मोठा धोका असा की कंपनीनंच सर्व्हर बंद केला तर चांगली चालती वस्तू एका दिवसात खोकं होते. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाच्या हबचं (घरातली उपकरणं एकत्र चालवणाऱ्या खोक्याचं) मे २०१६ मध्ये तेच झालं. ती कंपनी नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीनं विकत घेतली होती आणि पुढे हबचा सर्व्हरच बंद केला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या तशाच कंपनीचे सर्व्हर कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडले. बेलकिन कंपनीनं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं की वीमो या तिच्या स्मार्ट मालिकेतल्या बहुतेक उपकरणांचा क्लाउड ३१ जानेवारी २०२६ ला बंद होणार. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी तेच वीमोचे प्लग आधीच होमकिटला, म्हणजे अ‍ॅपलच्या घर चालवायच्या व्यवस्थेला, जोडून ठेवले होते, त्यांचे प्लग चालू राहणार होते. प्लग तोच, पण होमकिटचं बोलणं घरातल्या घरात चालतं.

घर आणि गरज

घर चिऱ्याचं आहे. फूटभर जाडीच्या जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी आणि पडवी, मागे न्हाणीघर आणि त्याच्या स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी. विहीर उतारावर, साठेक मीटर लांब. तिथे एक एचपीची सिंगल फेज मोटर, आणि तिचं बटण पडवीत. लाईट पावसाळ्यात कधी जाईल सांगता येत नाही. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला की वायरमन येईपर्यंत वाट बघायची. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त दिवे, पंखे आणि राउटर.

आईला विचारलं, तुला नक्की काय हवंय? ती म्हणाली, "अगो, मोटर तेवढी आपली आपण बंद झाली पाहिजे. आणि रात्री बाबा उठतात तेव्हा न्हाणीघराच्या वाटेवर उजेड." बस, एवढंच. मी भरीला ओटीवरचा दिवा घातला, तिन्हीसांजेला आपोआप लागावा म्हणून. आवाजावर चालणारे स्पीकर, पडदे, रंगीत दिवे यातलं कुणालाच काही नको होतं, आणि निम्मी बचत तिथेच झाली. ठरवलेला खर्च पंधरा हजार.

काय घेतलं, काय सोडलं

बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतात ते वायफाय प्लग आणि बल्ब. वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत असले तरी त्यातले पुष्कळसे आतून टुया नावाच्या कंपनीच्या व्यासपीठावर चालतात. ते घरातल्या घरात चालवता येतात, पण त्यासाठी उपकरणाची एक गुप्त किल्ली लागते आणि ती टुयाच्याच क्लाउडवर खातं उघडून मिळवावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे आतलं सॉफ्टवेअरच बदलायचं. काही वर्षांपूर्वी अशा प्लगांत ईएसपी८२६६ ही चिप सर्रास असायची आणि तिच्यावर टास्मोटा हे मोफत सॉफ्टवेअर सहज चढायचं. नंतर बेकेन कंपनीच्या चिपा आल्या. त्यांच्यासाठीही मोफत सॉफ्टवेअर आहे, पण खोक्यावरून आत कोणती चिप आहे ते कळत नाही. प्लग उघडून वायरी जोडायच्याच झाल्या तर एक पक्कं लक्षात ठेवा : प्लग बोर्डात असताना त्याच्या सर्किटला संगणक जोडायचा नाही. त्या सर्किटची ग्राउंड थेट २३० व्होल्टच्या वायरीशी जोडलेली असू शकते. संगणक तर जाईलच, तुम्हीही जाल.

शेली कंपनीची वायफाय उपकरणं चांगली. क्लाउड बंद ठेवूनही सगळं चालतं, आणि ते कंपनी स्वतःच सांगते. पण वायफाय आमच्या चिऱ्याच्या भिंतींतून दुसऱ्या खोलीतसुद्धा धड पोचत नाही. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीची भारतासाठीची वारंवारता ८६५.२ मेगाहर्ट्‌झ, अमेरिकेतली वेगळी, युरोपातली वेगळी, त्यामुळे परदेशातून कुणी प्रेमानं आणून दिलेलं इथे चालत नाही, शिवाय महाग. मॅटर हे अनेक कंपन्यांचं सामाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि घरातल्या घरात चालणं हा त्याचा पायाच आहे. पण मला हवे होते तसे बोर्डाच्या आत बसणारे स्वस्त रिले (हुकुमावर वीज जोडणारे-तोडणारे छोटे स्विच) त्यात मिळेनात. दोन-तीन वर्षांनी हेच लिहायला बसले तर उत्तर कदाचित वेगळं येईल.

शेवटी दिव्यांसाठी झिगबी ही बिनतारी पद्धत घेतली. झिगबीत बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालणारं बहुतेक प्रत्येक उपकरण दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवतं, त्यामुळे जाड भिंतीच्या पलीकडे जायला मध्ये एक प्लग ठेवला की पुरतं. मोटरसाठी मात्र झिगबी नको, असं ठरवलं. त्याचं कारण पुढे येईलच.

खरेदीची माझी पद्धत सांगते, ती कुणालाही जमेल. प्रत्येक वस्तू आधी एकच मागवायची. पुण्यात, रिटर्नची मुदत संपायच्या आत, ती चालू करायची आणि राउटरमधली फायबरची वायर उपटायची. बटण चाललं? लावलेली वेळ पाळली? मग राउटरच बंद करायचा. मग मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी वर करायचा आणि वस्तू कुठल्या स्थितीत उठते ते बघायचं. चार वस्तू मी परत पाठवल्या. एक प्लग तर नेट नसलं की दर मिनिटाला स्वतःच रिसेट होत होता, टक टक टक आवाज करत.

डोकं म्हणून जुना लॅपटॉप

सगळं चालवायला होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर लागतं. ते फुकट आहे, २०१३ पासून आहे आणि छोट्या यंत्रावर चालतं. सगळे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक सांगतात. मी जुना लॅपटॉप वापरला, आणि तसं करायला कारणं होती. लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणजे यूपीएस आतच. रास्पबेरी पाय मेमरी कार्डावर चालवला आणि लाईट सारखी गेली तर ते कार्ड खराब होण्याची भीती. आणि तिसरं कारण कुणाच्या चटकन लक्षात येत नाही : घड्याळ. रास्पबेरी पायच्या बहुतेक मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, तो वेळ नेटवरून घेतो. लाईट येते, नेट येत नाही, आणि घराला किती वाजले तेच माहीत नसतं. मग तिन्हीसांजेचा दिवा कधी लावायचा? लॅपटॉपच्या पोटात मात्र घड्याळाचा सेल असतो.

हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, १,८०० रुपये. लॅपटॉपला झिगबी बोलता यावं म्हणून यूएसबी डोंगल २,४०० ला. तो थेट लॅपटॉपला खोचला तेव्हा बाजूच्याच खोलीतला प्लगही सापडेना. यूएसबी ३ च्या पोर्टमधून जो गोंगाट येतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, आणि झिगबीही तिथेच बोलतं. दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल माजघरातल्या कपाटावर ठेवला, राउटरचं वायफाय चॅनल १ वर बांधून टाकलं, झिगबीला चॅनल २० दिलं. तेव्हापासून तो विषय मिटला.

मोटर

मोटरला स्मार्ट प्लग लावूच नये. माझा अनुभव म्हणून सांगते, आणि आमच्या वायरमननं तेच अधिक कडक शब्दांत सांगितलं. एक एचपीची मोटर चालताना पाचेक अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढते. प्लगवर छापलेले १६ अँपिअर हीटरसारख्या लोडसाठी असतात. मोटरचा झटका वारंवार बसला की रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटू शकतात आणि मग अ‍ॅपमध्ये 'बंद' दिसतं, मोटर चालूच. म्हणून मोटरचा करंट कॉन्टॅक्टरमधून (मोटरचा झटका सोसणाऱ्या मोठ्या स्विचमधून) नेला आणि छोट्या रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल, म्हणजे तो स्विच ओढून धरणारं वेटोळं, चालवली.

रिले चालवते ती ईएसपी३२ ही वायफायवाली चिप, तिच्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर. सोबत पीझेडईएम-००४टी हा छोटा मीटर, मोटरची वीज मोजायला. मोटर पाणी ओढत असताना साधारण १,०५० वॅट घेते, कोरडी फिरली की ६०० च्या जवळ येते. भार नसला की वीज कमी लागते, एवढं साधं गणित. तेव्हा नियम असा केला की वीस सेकंद सलग ७५० च्या खाली राहिली की बंद. वीस सेकंद यासाठी की आमच्याकडे व्होल्टेज कधीकधी १९० वर येतं आणि आकडे डगमगतात. शिवाय काहीही झालं तरी चाळीस मिनिटांनी बंद.

हे दोन्ही नियम लॅपटॉपवर नाहीत, चिपच्या आतच आहेत. मोटरसाठी झिगबी नको म्हणाले ते याच कारणानं. झिगबीचा रिले लॅपटॉपच्या हुकुमाची वाट बघतो. मग कंपनीच्या सर्व्हरची गुलामी जाऊन लॅपटॉपची आली, एवढाच फरक. बंद करायचा निर्णय मोटरच्या शेजारीच झाला पाहिजे.

तरीही एकदा फसलेच. चाचणीत लॅपटॉप बंद करून ठेवला तर मोटर पंधरा मिनिटांनी मध्येच बंद झाली. पुन्हा लावली, पुन्हा पंधरा मिनिटं. दोन तास वायरी तपासल्या. ईएसपीहोमची ती मूळचीच सवय निघाली : होम असिस्टंटशी पंधरा मिनिटं बोलणं झालं नाही तर चिप स्वतःला रीस्टार्ट करते. वायफाय गेलं तरी तेच. दोन्ही ठिकाणी रीबूट टाइमआउट शून्य केला तेव्हा कुठे चिप एकटी राहायला शिकली.

टाकीतल्या पाण्याची पातळी मोजायला झाकणावर जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यापासून सुरक्षित अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला, दुसऱ्या ईएसपीवर. पहिल्या दिवशी टाकी भरत आली आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले. वीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा जवळचं त्याला दिसतच नाही, आणि भरलेली टाकी म्हणजे नेमकं तेच अंतर. झाकणावर चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा करून सेन्सर वर चढवला.

बाबा हे सगळं बघत होते. म्हणाले, "आणि हे तुझं दोन्ही बंद पडलं तर?" त्यांना साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) हवा होता, साडेतीनशे रुपयांचा. मला तो जुनाट वाटत होता. पण वायरमनही त्यांच्या बाजूनं गेला. पाण्यात २३० व्होल्ट नकोत म्हणून फ्लोटची वायर २४ व्होल्टच्या छोट्या रिलेवर घेतली आणि तो रिले कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत बसवला. टाकी भरली की फ्लोट उचलला जातो, कॉइल सुटते. तिथे ना चिप, ना वायफाय, ना माझा कोड. आज खरं सांगायचं तर मोटर रोज बंद करतो तो फ्लोटच. माझे सेन्सर साक्षीदार.

दिवे

स्मार्ट बल्ब घेतले नाहीत. आई-बाबा भिंतीवरचं बटण दाबणारच, आणि बटण बंद म्हणजे बल्ब मेला, त्याच्यामागची झिगबीची साखळीही तुटली. त्याऐवजी बोर्डाच्या आत, बटणामागे बसणारे झिगबी रिले घेतले, तीन, प्रत्येकी १,३००. बटण पूर्वीसारखंच चालतं आणि वर आपोआपही. याला बोर्डात न्यूट्रल (वीज परत जायची वायर) लागतो. परदेशी लेखांत न्यूट्रल नसण्याचं फार रडगाणं असतं. आपल्याकडे बोर्डात बहुधा एखादं सॉकेट असतंच, त्यामुळे न्यूट्रल तिथेच सापडतो.

पहिल्याच आठवड्यात रात्री अडीच वाजता लाईट आली आणि ओटीवरचा, माजघरातला, न्हाणीघराच्या वाटेवरचा असे तिन्ही दिवे एकदम लागले. इन्व्हर्टरची बॅटरी तोवर संपली होती, त्यामुळे रिले खरोखरच बंद पडून पुन्हा उठले होते. आईला वाटलं घरात कोणी शिरलं. लाईट आल्यावर कुठल्या स्थितीत उठायचं ही सेटिंग प्रत्येक रिलेत असते, ती मी दोनात लावलीच नव्हती आणि तिसऱ्यात उलटी लावली होती. आता तिन्ही 'बंद' वर आहेत. मधले निरोप पोचवणारे दोन झिगबी प्लगही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, नाहीतर लाईट गेली की साखळीच तुटायची.

बाहेरून बघायचं झालं तर

पुण्याहून टाकीची पातळी बघायची मला सवय लागली आहे. आमच्या नेटला सार्वजनिक पत्ता मिळत नाही, कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवते, त्यामुळे राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट (पोर्ट) उघडण्याचे जुने उपाय चालत नाहीत. बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायला टेलस्केल ही सेवा वापरते. तोही एका परीनं क्लाउडच, कबूल. पण तो बंद पडला तर बाहेर राहीन मी. आई-बाबांचं पाणी आणि दिवे त्याच्यावर अवलंबून नाहीत. क्लाउड कुठे चालवून घ्यायचा हे मी आता एवढ्याच प्रश्नावर ठरवते : तो गेला तर अडणार कोण?

हिशेब

लॅपटॉप घरचाच. एसएसडी आणि डोंगल मिळून ४,२००, तीन रिले ३,९००, दोन झिगबी प्लग २,२००, दोन ईएसपी पट्ट्या ८००, मीटर ९००, टाकीचा सेन्सर ४००, कॉन्टॅक्टर ९००, फ्लोट ३५०, राउटरसाठी छोटा यूपीएस १,३०० आणि वायरमनचे १,२००. एकूण १६,१५०. ठरवल्यापेक्षा साडेअकराशे जास्त. यूपीएस नसता तरी चाललं असतं, राउटर इन्व्हर्टरवर होताच. पण इन्व्हर्टर लाइन बदलताना राउटर क्षणभर विझून पुन्हा उठायचा. जूनमध्ये वीज कडाडली त्या रात्री टाकीवरची ईएसपी गेली, तेव्हा एक जादा पट्टी घेऊन, कोड भरून, वर 'टाकी' असं लिहून कपाटाच्या खणात ठेवली आहे. ती बदलायला बाबांना चार स्क्रू काढावे लागतात. डीबीत (घराच्या मुख्य वीजपेटीत) सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारा, बसवायचा राहिला आहे.

बाबा अजूनही भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोटरची वेळ पेन्सिलीनं लिहितात. मी म्हणाले, आता ग्राफ आहे की. ते काही बोलले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "टाकी भरायला चोवीस मिनिटं लागायची, चार दिवस एकतीस लागतायत. बघ तुझ्या त्याच्यात." बघितलं. एकतीस, बत्तीस, एकतीस, तेहतीस. आणि वीज १,०५० वरून ९३० वर आलेली. ७५० ची मर्यादा न ओलांडल्यामुळे चिपनं चकार शब्द काढला नव्हता. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकला होता. वाडीतल्या एका पोराला विहिरीत उतरवून जाळी साफ करून घेतली, आणि त्या दिवशी बाबांनी कॅलेंडरवर लिहिलं : २४.